भोपाळच्या तलावाची रसद

इ. स. १७३७च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळपाशी कोंडले, ही हकीकत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. पाठीशी तटबंदीचे शहर आणि एका अंगास विस्तीर्ण तलाव अशी भक्कम जागा निजामाने धरली होती. बाजीरावांनी त्याची रसद तोडली आणि १७३८च्या जानेवारीत दुराहे सराई येथे तह झाला. माळव्याची सुभेदारी आणि पन्नास लक्ष रुपये देण्याचे निजामाला कबूल करावे लागले. पुढे १८१२-१३मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा याच शहराला कित्येक महिने वेढा देऊन बसल्या आणि ते हाती न लागताच परतल्या. आपल्या बखरींतला भोपाळचा तलाव तो एवढाच, प्रतिपक्षाचा आडोसा म्हणून. कालांतराने मराठी कुटुंबे त्या शहरात स्थिरावली आणि त्याच तलावाचे पाणी पिऊ लागली. म्हणून त्याच्या अलीकडच्या इतिहासाकडेही आपण पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

हा तलाव अकराव्या शतकात परमार राजा भोजाने बांधविला, अशी परंपरा आहे. कोलांस नदीचा प्रवाह मातीच्या बांधाने अडवून तो निर्माण झाला. त्या बांधावर आज कमला पार्क उभे आहे. शेजारचा छोटा तलाव १७९४ मधला, नवाबांचे दिवाण छोटे खान यांच्या कारकिर्दीतला. १९६५च्या सुमारास भदभदा येथे दरवाजे बसवून मोठ्या तलावाची पातळी वाढविण्यात आली. भरल्या तलावाचा विस्तार सुमारे ३१ चौरस किलोमीटर, आणि त्याला पाणी पुरविणारे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर आहे. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि शहर झपाट्याने वाढले. नाल्यांचे सांडपाणी, धोबीघाट, मूर्तिविसर्जन, गाळ आणि पाणवनस्पती यांनी तलाव ग्रासला. तेव्हा जपानकडून मिळालेल्या कर्जाच्या साहाय्याने १९९५ मध्ये भोज पाणथळ प्रकल्प सुरू झाला. २००४ पर्यंत चाललेल्या या प्रकल्पावर सुमारे २४७ कोटी रुपये खर्च झाले. गाळ उपसला गेला, पाणवनस्पती काढल्या गेल्या, सांडपाणी वळवून शुद्धीकरण केंद्रे उभारली गेली, विसर्जनासाठी निराळी जागा नेमली गेली, काठाने झाडे लावली गेली. २००२च्या ऑगस्टात दोन्ही तलावांची रामसर यादीत नोंद झाली. हा पैसा व्यर्थ गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु प्रकल्प संपून पाच वर्षे होतात न होतात, तोच २००९च्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला की नागरिकांना श्रमदानाने गाळ काढण्यासाठी त्याच्या उघड्या पडलेल्या तळात उतरावे लागले. पाऊस कमी झाला होता हे खरेच. पण केवळ काठ सुशोभित केल्याने तलाव भरत नाही, हेही त्या उन्हाळ्याने दाखविले. पाणी, गाळ आणि शेतांतली रासायनिक खते ही तिन्ही त्या ३६१ चौरस किलोमीटरांतून येतात, आणि ती भूमी बहुतांशी गावांची व शेतांची आहे.

केंद्र सरकारने २००१ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना आखली. २०१३ मध्ये ती जलीय परिसंस्थांच्या व्यापक योजनेत विलीन झाली. या सरोवर योजनेत कामाच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा असे, पण काम पुरे झाल्यावर देखभालीचा भार राज्यावर वा नगरसंस्थेवर येई. आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. बांधकामाला निधी मिळतो, त्याचे उद्घाटन होते. वर्षानुवर्षांच्या राखणीला मात्र कोणी वाली नसतो. अनुदानाला मुदत असते, तलावाला ती नसते.

निजामाच्या एका अंगास तलाव होता, तरी रसद तुटताच त्याला तहाला यावे लागले. तलावाचीही रसद असते, आणि ती त्याच्या पाणलोटातून येते. ती तुटली तर काठावर खर्च केलेले कोट्यवधी रुपयेही त्याला वाचवू शकत नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी रसद तोडण्याचे महत्त्व जाणले होते, त्या आम्हांस तरी ही गोष्ट कोणी निराळी समजावून सांगण्याची गरज पडू नये.