वर्धेच्या पुलापलीकडचा उर्दू कागद

बल्लारपूर सोडून दक्षिणेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वर्धा नदीच्या पुलावर येते. डब्यातल्या लोकांसाठी तो दोन मिनिटांचा खडखडाट असतो. माझ्या नानांना मात्र तिथे सरहद्द लागायची. "लो, निजाम की हद में आ गए," असे म्हणून ते खिडकीकडे सरकत. निजामाचे राज्य जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

नाना चुकीचे नव्हते. 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेले आणि अलीकडचा चांदा जिल्हा त्यांचा झाला. पलीकडचा राजुरा मात्र हैदराबाद संस्थानातच राहिला. कोळशाच्या थराला हद्द कळत नाही. तो बल्लारपूरच्या खाली आहे, तसाच पलीकडे सास्तीच्या खालीही आहे. बल्लारपूरची खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली. काझीपेठकडून निजामाच्या रेल्वेचा मार्ग पुढे सरकत आला आणि 1929 मध्ये तो बल्लारशाहला जोडला गेला, तेव्हा दिल्ली ते मद्रास असा थेट रस्ता तयार झाला. शाळेत मुलांना मी सांगतो की अख्ख्या देशाची उत्तर-दक्षिण गाठ आपल्या गावाजवळ बांधली गेली. मुले ऐकून घेतात. त्यांना पुलाखालचे मासे जास्त ठाऊक आहेत.

नदी ओलांडली की नाणे बदलायचे. पलीकडे हाली सिक्का, अलीकडे कलदार; सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब नानांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. माल नेला तर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, शेकडा पाच. वर्षही बदलायचे. इकडे 1929 चालू असताना तिकडच्या दप्तरात फसली 1338 लिहिले जाई. आणि भाषा बदलायची. अलीकडे कचेरीत मराठी चालायची, पलीकडे सगळा कारभार उर्दूत.

या शेवटच्या गोष्टीबद्दल सरळ बोलले पाहिजे. उर्दू ही माझी भाषा आहे, तिच्यावर माझी रोजीरोटी आहे. पण राजुऱ्याच्या मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या पोरांवर ती वरून लादली गेली होती, हे मी नाकारत नाही. त्याचबरोबर हेही खरे, की 1948 नंतर काही वर्षांत नानांसारखी माणसे एका फटक्यात अडाणी ठरली. उर्दूत सुंदर अर्ज लिहिणारा माणूस कचेरीत दुसऱ्याकडून मराठी अर्ज लिहून घेऊ लागला. 1956 मध्ये राजुरा हैदराबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात आला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात. माणसे जागेवरच होती. दप्तर मात्र जुन्या लिपीत बंद राहिले.

ते दप्तर तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या दारात आले. पलीकडच्या एका गावातले शेतकरी काका प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या पट्ट्याची नक्कल घेऊन आले होते. उघड्या खाणीसाठी त्यांची जमीन जाणार होती, आणि आजोबांचे नाव जुळत नाही म्हणून मोबदला अडला होता. "सर, यात आमच्या आज्याचं नाव हाय का, पाहा जी."

नाव होते. आडनाव इथे मी बदलतो, पण गोंधळ असाच होता. घराण्याचे आडनाव ढवळे. उर्दूत 'ळ' नाही, आणि 'वाव' हे एकच अक्षर 'व' चेही काम करते आणि 'ओ' चेही. ज्याने आधी भाषांतर करून दिले त्याने 'ढोले' वाचले. अक्षर तेच, माणूस दुसरा! कागदावर 'वल्द' म्हणून पणजोबांचे नावही होते, शेताच्या चतुःसीमा होत्या, एका बाजूला नाला होता. काका प्रत्येक ओळीला मान हलवत होते. "नाला हाय जी, अजून हाय."

उर्दू मुसलमानांची, असे आता दोन्हीकडचे लोक ठामपणे म्हणतात. त्या दिवशी माझ्यासमोर एका कुणबी घराण्याचा चार पिढ्यांचा हक्क उर्दूत लिहिलेला होता, आणि तो वाचता येत नाही म्हणून जमीन फुकट जायची वेळ आली होती. असे कागद वाचू शकणारी माणसे आमच्या भागात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शिकस्ता वळणाचे अक्षर तर मलाही अडते. त्या दिवशी दोन शब्दांसाठी एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडे जावे लागले.

मी मराठीत अक्षरांतर करून दिले, खाली 'वाव'चा खुलासा लिहिला आणि सही केली. पैसे घेतले नाहीत, तर काका दुसऱ्या पिशवीतली तुरीची डाळ ठेवूनच उठले. चहाला थांबा म्हटले, पण बाहेर सकाळपासून पाऊस लागला होता आणि राजुऱ्याकडचा रस्त्याचा पूल ठेंगणा आहे.

"पुलावर पानी आलं तं अडकून जाईन जी," म्हणत त्यांनी कागद शर्टाच्या आत घातला.