मेमकॅशडीची कुळकथा

वाचकांच्या गर्दीने गांजलेल्या संकेतस्थळाचा खोळंबा दूर करण्यासाठी आज सर्रास केली जाणारी एक तजवीज, ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने १९९९ साली विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या 'लाइव्हजर्नल' या सार्वजनिक रोजनिशीच्या अडचणीतून जन्मास आली.

आरंभी पाने रचण्याचे काम आणि डेटाबेसचे दप्तर एकाच सर्व्हरवर नांदे. पुढे त्यांची फारकत झाली, दप्तराच्या नकला बाळगणारे दुय्यम सर्व्हर जोडले गेले आणि काही काळ स्वस्थता लाभली. परंतु मुख्य दप्तरात पडणारी प्रत्येक नोंद प्रत्येक नकलेतही उतरवणे भाग असल्यामुळे, लेखन वाढले तसतसे हे दुय्यम सर्व्हर नोंदी उतरवण्यातच गुंतून पडले, आणि नवा सर्व्हर आणला तरी वाचकाच्या पदरात फारसे काही पडेना. तेव्हा सदस्यांचेच गट पाडून गटागटाचे दप्तर निराळे करण्यात आले. काम नेमके कोठे तुंबले आहे हे पाहून मगच खर्चाला हात घालण्याची ही शिस्त, आमच्या मते, आजही दुर्मिळच आहे.

तरीही तोच तो मजकूर डिस्कवरून पुनःपुन्हा काढावा लागे, आणि डिस्कचे शीर्ष इष्ट जागी सरकण्यास लागणारे काही सहस्रांश सेकंद मेमरीच्या वेगापुढे युगासारखे ठरत. पाने रचणारी प्रत्येक प्रक्रिया आपल्यापुरती प्रत जवळ ठेवी खरी. पण त्यामुळे एकच वस्तू अनेक ठिकाणी साठून जागा मात्र वाया जाई. म्हणून मे २००३ मध्ये फिट्झपॅट्रिकने निरनिराळ्या सर्व्हरांतील पडीक मेमरीचे एक सामाईक कोठार केले. प्रथम पर्ल भाषेत रचलेला हा 'मेमकॅशडी' प्रोग्राम अनातोली व्होरोबे याने सी भाषेत नव्याने लिहिला.

त्याची खुबी त्याच्या अलिप्ततेत आहे. कोठारातील सर्व्हरांना परस्परांची गंधवार्ता नसते. मजकूर कोणाकडे मागायचा हे मागणाराच हॅशच्या गणिताने ठरवतो, आणि जागा भरली की दीर्घकाळ कोणी न विचारलेली वस्तू निमूटपणे बेदखल होते. मूळ दप्तर शाबूत असल्याने हे विस्मरण परवडते.

ते नेहमीच परवडते असे मात्र नाही. लोकप्रिय वस्तू रद्द होताच शेकडो मागण्या एकदम डेटाबेसवर कोसळतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर इजाऱ्याची पद्धत सांगितली आहे: ती वस्तू दप्तरातून आणून पुन्हा भरण्याचा परवाना दर १० सेकंदांत एकालाच मिळतो, आणि बाकीच्यांना क्षणभर थांबून पुन्हा विचारण्यास सांगितले जाते.