एका दांड्याची दोन पाती

वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड डोंगरात पायवाटांची डागडुजी करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या हातात आलेलं अवजार ओळखीचं होतं आणि नव्हतंही. एका अंगाने पाहिलं तर ती कुऱ्हाड होती. दांडा हातात फिरवला की तीच कुदळ व्हायची. नाव विचारलं तर उत्तर मिळालं, ‘पुलास्की’. मला ते एखाद्या गावाचं नाव वाटलं. ते माणसाचं निघालं, आणि त्या माणसाचा माग काढता काढता मी एका वणव्यापाशी जाऊन पोचले.

आधी अवजार नीट पाहू. दांडा हिकरीच्या चिवट लाकडाचा, साधारण तीन फुटी. डोकं एकाच पोलादाचं, दीड किलोच्या आसपास. त्याचं एक पातं दांड्याच्या रेषेत उभं, कुऱ्हाडीसारखं. दुसरं आडवं, कुदळीसारखं. डोंगरउतारावरची वाट बुजते ती वरून घसरणाऱ्या मातीने, पालापाचोळ्याने आणि मुळांनी. आडव्या पात्याने हे सगळं खरवडत जायचं. मध्येच मनगटाएवढं मूळ आडवं येतं. अशा वेळी अवजार बदलायला उठावं लागत नाही. मुळाभोवतीची माती काढायची, दांडा हातातल्या हातात अर्धा फिरवायचा आणि उभ्या पात्याने घाव घालायचा. त्या अर्ध्या फेऱ्यात या अवजाराचं सगळं मर्म आहे.

या दोन पात्यांची घराणी वेगवेगळी आणि फार जुनी. कुऱ्हाड लाकूडतोड्याची. आडवं पातं त्याच कुळातलं, ज्यातला आपल्या सुताराचा वाकस. जंगल तोडून शेतं करणाऱ्या माणसाला दोन्ही लागायची, म्हणून ती एका डोक्यात आणायचा विचार एकट्या पुलास्कीला सुचला असं नाही. कनेटिकटमधल्या कॉलिन्स कंपनीने जमीन साफ करण्यासाठी असंच एक जोडअवजार 1876 सालीच बाजारात आणलं होतं. तरीही नाव चिकटलं ते आयडाहोमधल्या एका वनरक्षकाचं. त्याला कारण 1910चा उन्हाळा.

अमेरिकेचं वनखातं, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, 1905 साली स्थापन झालं. आयडाहो आणि मोंटानाच्या डोंगरांत त्याच्याकडे अफाट जंगल होतं, पण माणसं मूठभर आणि वाटा त्याहून कमी. तिथे वणवा लागला की पाणी मिळणं अवघड. आग अडवायची ती तिच्या वाटेतलं सरपण काढून टाकून. पट्टाभर झुडपं तोडायची, पाचोळा ओढायचा, मुळं काढायची आणि जमीन खालच्या निव्वळ मातीपर्यंत उघडी करायची. महाराष्ट्रात वनखात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात. या कामाला कुऱ्हाड, कुदळ आणि फावडं अशी तिन्ही अवजारं लागत, आणि वाट नसलेल्या डोंगरात ती खेचरांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून न्यावी लागत.

एडवर्ड पुलास्की खातं सुरू झाल्यावर तीन वर्षांनी, 1908 साली, तिथे नोकरीला लागला. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. खाणीत, रानात आणि लोहाराच्या भट्टीवर काम केलेला माणूस, त्यामुळे त्या मुलखातल्या वाटा आणि खाणींची तोंडं त्याला पाठ होती. 1910च्या कोरड्या उन्हाळ्यात शेकडो लहान वणवे धुमसत होते. 20 ऑगस्टला वादळी वारा सुटला आणि ते एक झाले. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं. किमान 85 माणसं गेली, आणि त्यांत बहुतेक आग विझवायला गेलेली होती.

पुलास्कीच्या हाताखाली वॉलेस गावाजवळच्या डोंगरात सुमारे 45 माणसं होती. चारी बाजूंनी आग आली, तेव्हा त्याने त्यांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं. बोगद्याच्या तोंडाला ओली घोंगडी लावली, ती पेट घेऊ लागली की हॅटमध्ये पाणी आणून त्यांच्यावर मारलं. घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना त्याने पिस्तूल रोखून अडवलं, कारण बाहेर मरण निश्चित होतं. शेवटी तोही बेशुद्ध पडला. पहाटे जी माणसं शुद्धीवर आली, ती खुरडत गावात पोचली. बोगद्यातले 5 जण गेले, बाकीचे वाचले. पुलास्कीच्या डोळ्यांना कायमची इजा झाली.

वणव्यानंतरच्या काळात पुलास्कीच्या घरामागच्या लोहारभट्टीत हे अवजार घडत गेलं. वनअधिकारी वायगल यांना झाडं लावायला आणि आग अडवायला एकच अवजार हवं होतं. त्यांच्या सांगण्यावरून हाम आणि होलकम या वनरक्षकांनी पहिला नमुना केला. त्यात कुऱ्हाड, कुदळ आणि फावडं असं तिन्ही कोंबलेलं होतं. ते अवजड आणि बेढब ठरलं. पुलास्कीने फावडं काढून टाकलं आणि उरलेल्या दोन पात्यांचं वजन, लांबी आणि वळण पुन्हा पुन्हा तापवून, ठोकून बसवलं. त्याने शोध लावला असं म्हणण्यापेक्षा नको ते वजा केलं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. मैलोगणती पाठीवरून अवजार वाहिलेल्या माणसालाच काय सोडून द्यायचं हे नेमकं कळतं.

शेजारच्या वनविभागांतून मागणी येऊ लागली, मग कारखान्यांना कंत्राटं गेली. 1933 साली महामंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर काढलं. 1942पर्यंत सुमारे 30 लाख तरुण त्यातून काम करून गेले. त्यांनी वणवे विझवले, झाडं लावली आणि हजारो मैल वाटा बांधल्या. ज्या अवजाराने काल जाळरेषा ओढली, त्यानेच आज पायवाट खणली.

हे आपोआप घडलं, कारण दोन्ही कामं मुळात एकच आहेत. जाळरेषेत आग थांबावी म्हणून माती उघडी करायची, पायवाटेत पाऊल पडावं म्हणून. फरक पुढच्या कारागिरीत आहे. वाट उतारात पायरीसारखी कोरावी लागते आणि दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवावी लागते, म्हणजे पाणी वाटेने न धावता आडवं ओलांडून जातं. वाटेचा खरा शत्रू पाणी. पहिल्या दिवशी मी वाट छान सपाट केली होती. शेजारी काम करणाऱ्या बाईंनी बाटलीतलं थोडं पाणी तिच्यावर ओतलं. ते तिथेच साचलं. काही न बोलता त्यांनी आडव्या पात्याने दरीकडची कड दोन बोटं उतरवली आणि पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते निघून गेलं.

अमेरिकेत चालण्याच्या आनंदासाठी लांब वाटा बांधण्याचा ध्यास याच काळातला. बेंटन मकाय यांनी 1921 साली अॅपलेचियन वाटेची कल्पना मांडली आणि 1937 साली मेनपासून जॉर्जियापर्यंत ती अखंड झाली. आज ती सुमारे 3,500 किलोमीटर आहे आणि तिची देखभाल मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांवर चालते. यंत्रकरवतींच्या जमान्यात ही हातअवजारं अडगळीत गेली असती. पण 1964च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव रानांत यंत्रांना बंदी घातली. तिथे यंत्रकरवत चालत नाही, वनखात्याच्या रानांत चाकाची ढकलगाडीही नाही. आडवं पडलेलं झाड दोघांनी ओढायच्या लांब करवतीनेच कापायचं आणि वाट पुलास्कीनेच खणायची. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचं कसब तिथे आजही हातातून हातात जातं.

सह्याद्रीत पावसाळा सरल्यावर घाटवाटांवर कोयता आणि टिकाव घेऊन निघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कारवीने गिळलेली, दरडीने मोडलेली वाट दोन वर्षं कोणी हात लावला नाही तर सापडेनाशी होते. वाट एकदा केली की झाली, असं नसतं. ती दर वर्षी पुन्हा करावी लागते.

मराठीत यासाठी ‘निगा’ हा फार चांगला शब्द आहे. पुलास्कीचं उरलेलं आयुष्य मला त्या शब्दात दिसतं. वणव्यात गेलेल्यांच्या थडग्यांची निगा तो स्वतः राखत असे. त्यांचं नीट स्मारक व्हावं म्हणून त्याने सरकारचा पाठपुरावा सोडला नाही. 1931 साली तो गेला. त्या बोगद्यापर्यंत आता वॉलेसजवळून ओढ्याकाठाने जाणारी दोन मैलांची पायवाट आहे. 1910 साली जिथे माणसं धुरातून चाचपडत गेली, तिथे आज कुटुंबं चालत जातात.

त्या दिवशी संध्याकाळी काम संपल्यावर आम्ही अवजारं जमिनीवर ओळीने मांडली. उभ्या पात्यावर दगड लागून खाच पडली होती. मी कानस घेऊन बसले आणि ती खाच जाईपर्यंत घासत राहिले, मग पात्यावर चामड्याचं म्यान चढवलं. उद्या ते कोणाच्या हातात जाणार हे मला माहीत नव्हतं. ते धारदार मिळायला हवं, एवढंच कळत होतं.