घाम आला म्हणजे विष उतरलं?

कापसाची वेचणी सुरू आहे, त्यामुळं आज रेडिओ कानाशी लावून वावरातच ऐकणाऱ्याही पुष्कळजणी असतील. आजची गोष्ट विंचवाची आहे. तशी ती एका डॉक्टरचीही आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करते.

मी सातआठ वर्षांची असेन. घाटंजीजवळच्या आमच्या गावात घरामागं पऱ्हाट्यांचा ढीग असायचा. सांजच्याला चूल पेटवायला माझ्या चुलतभावानं त्यातून चार पऱ्हाट्या ओढल्या आणि तो ओरडला. पाच वर्षांचं लेकरू. विंचू लाल होता, बोटाएवढाही नव्हता. मोठ्या आईनं जागेवर चुना लावला, जाणत्याला बोलावलं, त्यानं मंत्र म्हटले. तासाभरात पोराला उलट्या झाल्या आणि मग घाम सुटला. साधा घाम नाही, सदरा पिळून काढावा असा. हातपाय थंडगार पडले. घरातल्या साऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "घाम आला, आता उतरलं," असं म्हणून त्याला गोधडीत गुंडाळलं. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाला फेस आला आणि उजाडायच्या आत तो गेला.

मोठी आई पुढं कितीतरी वर्षं एकच विचारायची, "उतरलं होतं ना, मग पुन्हा चढलं कसं?" त्याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते सापडलं होतं इथून दूर, कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून शिकले, आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या जगण्याची कहाणी लिहिली आहे, मिळालं तर जरूर वाचा. १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. कोकणात लाल विंचू फार. भाताच्या पेंढ्यात, जांभ्या दगडांच्या फटीत, घराच्या कौलात तो असायचा. रात्री डोलीतून, बैलगाडीतून माणसं यायची, त्यांत लेकरं जास्त. डोळ्यांदेखत ती मरायची. मोठ्या पुस्तकांत विंचवाला जागा थोडी, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यात असा रुग्ण क्वचितच येई. उपचार ठरलेला नव्हता. गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण टोचत. त्यानं लेकरू शांत पडायचं, पण आत काय बिघडतंय ते झाकलं जायचं.

या तरुण डॉक्टरनं काय केलं? तो रुग्णाच्या खाटेशी बसून राहिला. ऐकायला साधं वाटतं, पण ज्या केंद्रात एकच डॉक्टर असतो तिथं रात्रभर एका लेकराची नाडी, रक्तदाब, श्वास पाहून कागदावर उतरवत राहणं साधं नसतं. रुग्णामागून रुग्ण अशा नोंदी जमल्या आणि त्यांतून क्रम दिसू लागला. आधी उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय थंड. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठ होऊन तसंच राहणं. त्यानंतर काही तासांनी हृदय आणि फुप्फुसं बिघडायची. म्हणजे पहिली लक्षणं ही पुढच्या संकटाची वर्दी होती. १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी ही लक्षणं मांडली.

मैत्रिणींनो, ते शेवटचं लक्षण मी मुद्दाम रेडिओवर उच्चारलं. लेकराची चड्डी बदलताना ते आईलाच दिसतं, आणि लाजेनं ती सांगत नाही. डॉक्टरला सांगायला तर जीभच रेटत नाही. सांगा. त्यावरून डॉक्टरला कळतं की विष अंगात भिनलंय, थांबायला वेळ नाही.

आता मोठ्या आईच्या प्रश्नाकडं येऊ. आपल्या नसांमध्ये बारीक बारीक दारं असतात. मेंदूचा निरोप जायचा असला की ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. लाल विंचवाचं विष ती दारं मिटूच देत नाही. नसा मग सारख्या निरोप धाडत राहतात. सुरुवातीच्या निरोपांनी घाम, लाळ, उलटी होते. पाठोपाठ, आपण खूप घाबरल्यावर अंगात जे सुटतं ते अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या जोडीचं द्रव्य पुरासारखं रक्तात येतं. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय थंड. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता लेकराचं इवलंसं हृदय थकतं, आणि मागं तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. तोच तो फेस. आमच्या पोराचं विष उतरून पुन्हा चढलं नव्हतं. ज्या घामाला आम्ही उतार समजलो, ती चढाची पहिली पायरी होती.

कारण कळल्यावर औषध शोधायची दिशा मिळाली. रक्तवाहिन्या आवळल्यात, तर त्या सैल करायच्या. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरलं. ते सलाईनमधून थेंबथेंब द्यावं लागतं. त्यानं काही अत्यवस्थ रुग्ण वाचले, पण एक अडचण होती. मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहावा लागतो, थेंब जास्त झाला तर घात. रात्री कंदिलाच्या उजेडात चालणाऱ्या आरोग्य केंद्राला हे कसं झेपावं?

मग प्राझोसिन हाती आलं. ही रक्तदाबाची गोळी, विंचवासाठी कुणी बनवलेली नव्हतीच. पण अ‍ॅड्रेनलिनचा हुकूम रक्तवाहिन्या जिथं ऐकतात, नेमकं ते ठिकाण ती बंद करते. गोळी तोंडातून द्यायची, स्वस्त, फ्रिज नको, मोठं यंत्र नको. १९८६ साली याविषयीचा लेख पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यावर दोन नावं होती, हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर. डॉ. प्रमोदिनी या त्यांच्या पत्नी, स्वतः डॉक्टर. त्यानंतरही त्यांच्या कितीतरी शोधनिबंधांवर ही दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत मात्र बहुतेक एकच नाव येतं, हे जाता जाता सांगून ठेवते.

बावस्करांच्या लेखांनुसार आधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात सुमारे ३० दगावायचे. प्राझोसिन सुरू झाल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पुढं मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवावरची प्रतिविषाची लस तयार झाली. तेव्हा प्रश्न आला, नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही? याचं उत्तर बावस्कर दांपत्यानं महाडच्याच ७० रुग्णांवर शोधलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं ३५-३५ चे दोन गट केले. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसती गोळी मिळालेल्यांपैकी ८. हा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

मला या सगळ्यात पद्मश्रीपेक्षा बिरवाडीची ती खाट मोठी वाटते. विषाचा अभ्यास प्रयोगशाळेत होतो हे खरं. विष नसेवर काय करतं ते तिथंच कळतं. पण कोणतं लक्षण आधी आणि कोणतं नंतर, हे कळायला कुणीतरी रात्रभर जागावं लागतं.

आता आपल्या कामाचं. विंचू चावला की बांधू नका, कापू नका, जाणत्याकडं वेळ घालवू नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा, उलटी किती वाजता झाली तेही. वेदना फार नाही म्हणून निर्धास्त राहू नका, हातपाय चाचपून पाहा. घाम आणि थंड हातपाय दिसले की तडक दवाखाना, १०८ ला फोन. गोळी डॉक्टरच देतील, किती द्यायची ते वजनावरून ठरतं. घरी आजोबांच्या रक्तदाबाच्या डब्यातली काढून देऊ नका. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं. या गोळीनं उठल्याबरोबर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते, म्हणून लघवीलासुद्धा उठवायचं नाही, भांडं द्यायचं. हे काम सोबतच्या बाईवरच येतं, म्हणून सांगते.

आणि घोळ नको व्हायला: ही गोळी सापाच्या विषावर चालत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशाला सापाच्या प्रतिविषाचीच लस लागते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० साली छापलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक खेड्यांतले. सापावर एक वेगळा कार्यक्रम करू, कारण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा खूणही दिसत नाही, ते सविस्तर सांगावं लागेल.

मागल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाल्यावर मी हीच गोष्ट सांगितली. एकीनं विचारलं, "ही गोळी आपल्या दवाखान्यात आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिघी गेल्या. सिस्टरनं कपाट उघडलं, शोधून एक पाकीट काढलं. तारीख उलटून गेली होती. सिस्टर बिचारी ओशाळली, तिनं लगेच मागणीपत्रात नाव लिहिलं. आठवड्यानं तिघी पुन्हा गेल्या, तेव्हा नवी पाकिटं आलेली होती. आता गटाच्या वहीत हप्त्यांच्या पानाआधी एक ओळ आहे, त्या गोळीचं नाव आणि पाकिटावरची तारीख. पुढची तपासणी वेचणी संपल्यावर आहे.