हुबेहूब, पण कुणासारखं?

सिनेमातल्या हिरोची बाहुली ज्यांनी कधी हौसेने विकत घेतली असेल, त्यांना हा खेळ ठाऊक असणार. खोक्यातून बाहुली काढायची, मोबाइलवर सिनेमातला तोच प्रसंग लावायचा, नेमक्या क्षणी थांबवायचा आणि बाहुलीचा कोपर, गुडघा, मान त्या चौकटीशी जुळेपर्यंत फिरवत बसायचं. जुळलं की फोटो. नाही जुळलं की तक्रारी : पट्ट्याचा रंग फिका आहे, खांदे अरुंद आहेत, नाक ‘त्याचं’ वाटत नाही.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्दच मुळी धंद्यातल्या अडचणीतून जन्मला. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो बाजारात आणला, तेव्हा मुलगे ‘बाहुली’ हातात धरणार नाहीत अशी भीती होती. म्हणून नाव बदललं. १९७८मध्ये केनर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची आकृत्या आल्या. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढेच त्यांचे सांधे. आज हाँगकाँगची हॉट टॉइज फूटभर उंचीच्या आकृतीत नटाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा सोडत नाही. आपल्याकडे फनस्कूलने जी. आय. जो बनवला आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अनेक पोरांच्या खिशात तो फिरला.

पण पडद्यावरची पोझ बघून ती हाताने उभी करण्याचा मुंबईतला खरा उद्योग खेळण्यांच्या दुकानात सापडत नाही. तो लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत सापडतो. २०१४मध्ये ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि गणपती खंडोबाच्या वेशात दिसू लागले. जुलै २०१५मध्ये ‘बाहुबली’ आला आणि बाप्पांनी शिवलिंग खांद्यावर घेतलं. ‘बाजीराव मस्तानी’नंतरच्या वर्षी बाप्पा बाजीराव झाले. २०२२मध्ये तर एकाच मोसमात ‘पुष्पा’ची हनुवटीखाली हात फिरवण्याची लकब आणि ‘आरआरआर’मधला धनुष्य ताणलेला राम चरण, दोन्ही मूर्तींत उतरले. फोटो व्हायरल झाले आणि नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणाला, कलाकारी बघा. दुसरा म्हणाला, देवाची थट्टा चालली आहे.

दोन्ही तट एक गोष्ट गृहीत धरतात : गणपतीचं एक मूळ, अस्सल रूप आहे आणि सिनेमाने ते आता बिघडवलं. इतिहास तसं सांगत नाही.

आधी चित्र, मग सिनेमा

१८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना गिरगावात सुरू झाला. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण दगडी छपाईच्या रंगीत कागदांवरून घराघरांत पोचले. त्याआधी देव कसा दिसतो, याचं उत्तर गावागणिक वेगळं होतं. ज्या देवळात जायचं, तिथली मूर्ती हेच उत्तर. छापील चित्राने हजारो भिंतींवर एकच चेहरा आणि एकच उभं राहणं टांगलं. रविवर्म्यांच्या देवी जिवंत माणसांना समोर बसवून रंगवलेल्या होत्या, त्यामुळे त्या ‘खऱ्या’ वाटल्या. पाहता पाहता चित्र हेच देवाचं रूप ठरलं.

त्याच छपाईच्या जगात धुंडिराज गोविंद फाळके वावरले. जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते शिकले होते आणि रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं होतं. गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. दादरमध्ये, आज ज्याला दादासाहेब फाळके रोड म्हणतात त्या रस्त्यावर, त्यांनी सेट लावले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली दृश्यं रचताना त्यांच्यासमोर रविवर्म्यांच्या चित्रांची मांडणी होती. राजा, राणी आणि राजपुत्र चित्रातल्यासारखे उभे राहतात आणि मग हलतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात हा चित्रपट लागला. तारामती झाली होती अण्णा साळुंके या पुरुषाने. बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या आणि साळुंके एका उपाहारगृहात काम करत होते. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातली पादत्राणं काढत, अशी आठवण सांगितली जाते. तो राम कोणाशी हुबेहूब होता? भिंतीवरच्या चित्राशी. लोक तेवढंच ताडून पाहत होते.

तुकोबांचा चेहरा

पुढच्या पिढीत क्रम उलटला. १२ डिसेंबर १९३६ रोजी गिरगावच्या सेंट्रल सिनेमात प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल, दोघेही मुळात कलादिग्दर्शक. चित्रपट एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी ओळखले जाणारे गायक नट.

सतराव्या शतकातल्या तुकोबांचं छायाचित्र असणं शक्य नव्हतं. चित्रपटानंतर मात्र लोकांच्या मनात तुकोबांना चेहरा मिळाला, आणि तो पागनीसांचा होता. पागनीसांचे फोटो तुकोबांचे म्हणून पुजले गेले आणि पुढच्या तसबिरींतही तोच चेहरा डोकावत राहिला. आता कुणी तुकोबांची मूर्ती घडवली आणि ती पागनीसांसारखी दिसली नाही, तर बघणारा म्हणणार, ‘जमली नाही’. सिनेमाने मूळ रूपाची नक्कल केली नाही, त्याने मूळ रूपच पुरवलं.

अ‍ॅक्शन फिगर जमवणाऱ्याचा हट्ट अगदी हाच असतो. त्याला योद्धा खऱ्या योद्ध्यासारखा नको असतो, पडद्यावरच्यासारखा हवा असतो.

बाप्पा कधी नुसते बसून होते?

आता गणपतीकडे येऊ. पुण्याच्या भाऊसाहेब रंगारी मंडळाची मूर्ती १८९२ची. ती विसर्जित करत नाहीत, त्यामुळे आजही पाहता येते. तिच्यात गणपती पाटावर शांत बसून मोदक खात नाही, राक्षसाला लोळवतो आहे. परकीय सत्तेशी लढा असा तिचा अर्थ लावला जातो. म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाच्या अगदी आरंभीची एक मूर्ती ऐन मारामारीच्या पोझमध्ये आहे.

मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३पासून उत्सव चालू आहे. तिथे आजही छोटी मूर्ती आणि साधेपणा टिकवला आहे. गिरणगावात मात्र वेगळी रीत रुजली. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४चं, कोळी आणि भाजीविक्रेत्यांनी कायमच्या बाजारासाठी केलेल्या नवसातून आलेलं. सुरुवातीच्या वर्षांत तिथला गणपती कोळ्याच्या पेहरावात दिसला आणि स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्याने राष्ट्रीय नेत्यांचे वेषही घेतले. त्या वर्षी लोकांच्या मनात जो असेल, तो बाप्पात दिसायचा. नंतर त्या जागी सिनेमाचा हिरो आला, एवढाच फरक.

पण याच लालबागच्या राजाने पुढे उलट वाट धरली. १९३५पासून कांबळी कुटुंब ही मूर्ती घडवतं. हळूहळू तिचं एकच रूप ठरलं : सिंहासनावर ऐसपैस रेलून बसणं, वर उचललेला आशीर्वादाचा हात, थेट बघणारे डोळे. या रूपाचे हक्कही कांबळींनी नोंदवून घेतले आहेत. मूर्तीचे भाग कारखान्यात तयार होतात, जोडणी मांडवात होते आणि डोळ्यांची आखणी शेवटी. दरवर्षी तोच राजा नव्याने बनतो आणि दरवर्षी तो ‘तोच’ दिसावा लागतो. मुखदर्शनाच्या दिवशी लोक गेल्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघतात. घरचा गणपती सांगायला गेलेली माणसं मोबाइल पुढे करतात : ‘अगदी अशीच बैठक पाहिजे, दादा. आणि डोळे असेच.’

बाहुबलीचा गणपती मागणारा आणि राजाची बैठक मागणारा यांच्यात फारसं अंतर नाही. दोघांच्या हातात फोटोच आहे.

फोटोत नसलेली गोष्ट

इथे मूर्तिकाराची पंचाईत सुरू होते. फोटो एका बाजूने काढलेला असतो, मूर्ती चारही बाजूंनी उभी राहायची असते. फोटोतल्या माणसाला दोन हात, बाप्पाला चार. माणसाची उंची डोक्याच्या सात-आठ पट, गणपतीचं डोकं मोठं आणि पाय आखूड. बाहुबलीने शिवलिंग खांद्यावर ठेवलं तेव्हा मध्ये काही येत नव्हतं. गणपतीच्या खांद्यावर ठेवायला गेलात तर कान मध्ये येतो. ‘पुष्पा’चा हात दाढीवरून फिरतो. बाप्पाला दाढी नाही आणि हनुवटी सोंडेआड. मग हात कुठून न्यायचा? सोंड कोणत्या बाजूला वळवायची? उरलेले दोन हात काय करतील? पोट सपाट केलं तर तो लंबोदर राहील का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सिनेमात नाही. ते कारखान्यात शोधावं लागतं.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न वजनाचा. शाडूची माती हळूहळू वाळते, तेही पावसाळी हवेत. वाळताना आकसते, तडकते. मूर्ती जड होते. पुढे काढलेला हात वाळेपर्यंत खाली झुकतो, त्याला आत काठीचा नाहीतर तारेचा आधार लागतो. म्हणून शाडूचा गणपती बहुधा मांडी घालून बसतो, हात अंगाजवळ ठेवतो, सोंड पोटावर टेकवतो. आपण त्याला ‘पारंपरिक रूप’ म्हणतो. त्यातला बराचसा भाग मातीचा स्वभाव आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसने हा स्वभाव बदलला. पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं, साच्यात काथ्यासोबत थापलं की पोकळ, हलकं आणि मजबूत कवच मिळतं. मग हात लांब जाऊ शकतो, एक पाय उचलता येतो, बाप्पा गरुडावरून झेप घेऊ शकतात. १९७७मध्ये लालबागच्या गणेशगल्लीने सुवर्णमहोत्सवी वर्षात दीनानाथ वेलिंग यांच्याकडून २२ फुटी मूर्ती घडवून घेतली. गिरणगावात उंचीचं युग तिथून सुरू झालं. पुढे परळच्या वर्कशॉपमध्ये विजय खातू यांनी या भव्य मूर्तींना डौल दिला. २०१७मध्ये ते गेले आणि त्यांची मुलगी रेश्मा खातू यांनी काम हाती घेतलं.

एवढी उंच मूर्ती नुसती उभी राहून भागत नाही. आगमनाच्या दिवशी तिला ट्रॉलीवरून निघायचं असतं. वायरी, झाडं, उड्डाणपूल, चिंचपोकळी-करी रोडचे जुने रेल्वेपूल. उगारलेला हात म्हणजे वर आणखी काही फूट. बाहुलीला घरातल्या फळीवर उभं राहायचं असतं, बाप्पाला डोलणाऱ्या गर्दीतून मैलभर जायचं असतं.

म्हणून मूर्तिकार युक्त्या करतो. मागे सोडलेला शेला नुसता शेला नसतो, तो जमिनीपर्यंत येऊन तोल धरतो. पायाखालचा खडक, बाजूचा सिंह, सापाचं वेटोळं, राक्षसाचं उचललेलं डोकं, यातलं काही ना काही कुठलातरी भार झेलत असतं. चेहरा, वेष, पोझ फोटोतून उसनी आणता येते. ती उभी राहण्याची रीत कारागिराची स्वतःची असते, आणि नेमकी तीच व्हायरल फोटोत दिसत नाही. म्हणून फोटोखाली सिनेमाचं नाव येतं, मंडळाचं येतं, मूर्तिकाराचं क्वचित.

आता काय

मे २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी कोविडमुळे सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा आली आणि लालबागच्या राजाची मूर्ती बसलीच नाही. २०२५मध्ये पीओपीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गाजला. अखेर सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावात करायचं ठरलं. समुद्र आणि तलावांचं नुकसान खरं आहे. दुसऱ्या दिवशी चौपाटीवर लाटेत लोळणारे हात-पाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते पटवून द्यावं लागत नाही. पण पीओपी गेलं की एक रसायन गेलं, एवढ्यावर हे थांबत नाही. पन्नास वर्षं त्यावर बेतलेलं उभं राहण्याचं, झेपावण्याचं, तोल सांभाळण्याचं ज्ञानही अडचणीत येतं. कागदाच्या लगद्यात आणि शाडूत तेच ज्ञान नव्याने मुरवायला वेळ लागेल, पैसे लागतील. गाळ्याचं भाडं आणि मोसमाचं कर्ज डोक्यावर असलेल्या कारखान्यांकडे दोन्ही कमी आहेत. सिनेमाच्या गणपतीला नाकं मुरडताना आपण या कौशल्याचाही हिशेब करत नाही.

यंदा मांडवात गेलात तर मोबाइल बाहेर काढण्याआधी एकदा बाजूने, जमलं तर मागून बघा. शेला कुठे टेकलाय, कोणता पाय भार घेतोय, उचललेल्या हाताचं वजन कशावर आहे. मग पुढे येऊन फोटो काढा, आणि फोटोखाली मूर्तिकाराचं नाव लिहा. मांडवात विचारलंत तर सांगतात.