निजाम राज्य रेल्वे

हैदराबाद संस्थानातील रेल्वे यंत्रणा. छत्रपती संभाजीनगरातून (औरंगाबाद) जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग तिच्याकडे होता. संस्थानात पहिली गाडी १८७४ मध्ये वाडी–सिकंदराबाद मार्गावर धावली. पुढे विस्तारासाठी लंडनच्या भांडवलदारांशी करार झाला. त्यांच्या गुंतवणुकीवरील व्याजाची हमी निजाम सरकारने घेतली, म्हणून कंपनीचे नाव ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. तोटा झाला तरी भार रयतेवरच पडणार, हे उघड होते. १८८३ मध्ये याच विस्तारातील चांदा (चंद्रपूर) रेल्वेच्या योजनेवरून हैदराबादेत वादळ उठले आणि विरोधकांपैकी अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) यांना हद्दपार करण्यात आले.

औरंगाबादेत गाडी आली ती १९०० मध्ये, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची. मनमाड ते सिकंदराबाद हा सुमारे ६२० किमीचा मार्ग एकेरी आणि मीटरगेज होता. मनमाडला येणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे मात्र ब्रॉडगेज. त्यामुळे जालना-परभणीकडून मुंबईला निघालेल्या कापसाच्या गाठी मनमाडला वाघिणीतून उतरवायच्या, हमालांच्या पाठीवरून पलीकडे न्यायच्या आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा रचायच्या. उतारूंनाही बोचकी-वळकट्या घेऊन गाडी बदलावी लागे. मराठवाड्याच्या उद्योगांचे पाय या एका स्थानकाने जितके मागे ओढले, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच ओढले असतील.

१ एप्रिल १९३० रोजी संस्थानाने कंपनीकडून रेल्वे ताब्यात घेतली. १९३२ पासून याच खात्याने प्रवासी बसही चालवल्या. त्या सेवेचा मराठवाड्यातील भाग पुढे महाराष्ट्राच्या एसटीत आला.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी नव्या मध्य रेल्वेचा भाग झाली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन होताच कारभार पुन्हा सिकंदराबादेहून सुरू झाला. मराठवाडा तेव्हा महाराष्ट्रात येऊन सहा वर्षे उलटली होती.

या मीटरगेज मार्गाच्या रुंदीकरणासाठी मराठवाडा जनता विकास परिषदेने, विशेषतः गोविंदभाई श्रॉफ यांनी, दीर्घकाळ लढा दिला. ब्रॉडगेज प्रत्यक्षात आली १९९० च्या दशकात. २००३ मध्ये नांदेड विभाग निर्माण झाला आणि संभाजीनगर त्यात गेले. मनमाड मात्र आजही मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे. निजामाची आणि जीआयपीची जुनी शीव अशी कागदोपत्री टिकून आहे. मुंबईची गाडी वाढवून हवी असेल तर निवेदन जाते सिकंदराबादला, हे गाऱ्हाणे इथल्या प्रवासी संघटनांच्या तोंडी कायम असते.

रुंदीकरणानंतरही संभाजीनगरातून जाणारा मार्ग एकेरीच राहिला. संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्थानकाचे नावही ‘छत्रपती संभाजीनगर’ करण्यात आले.