बारा व्होल्टचं नाशिक

मनमाडकडून रेल्वेने नाशिकरोडला येताना ओढा स्टेशनच्या आसपास एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. हे औष्णिक वीज केंद्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे आहे, पुढे २१० मेगावॉटचे तीन संच आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत एबीबी आणि पूर्वीच्या क्रॉम्प्टन ग्रीव्हज यांच्या कारखान्यांत वीज जोडणारी-तोडणारी मोठी यंत्रं बनतात. म्हणजे वीज बनवणारं आणि तिला वेसण घालणारं असं हे गाव. आणि याच गावात, मी कॉलेजात असताना, उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आमची ट्यूबलाइट पेटायला तयार नसायची. स्टार्टर टिकटिक करायचा, दोन टोकं लाल व्हायची, आणि मग आई बल्ब लावायची.

तो काळ भारनियमनाचा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ला सुरू झाला आणि दरांच्या भांडणात २००१मध्ये बंद पडला. राज्याची मागणी वाढत गेली, नवी केंद्रं त्या वेगाने आली नाहीत. जून २००५मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आली, ती तूट पदरात घेऊनच. पुढच्या काही वर्षांत ही तूट चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात होती. वीज कुणाची किती वेळ घालवायची हे ठरवण्यासाठी भागांचे गट पाडले गेले: जिथे गळती-चोरी जास्त आणि बिलवसुली कमी, तिथे जास्त तास अंधार. कागदावर ही कल्पना हुशारीची होती. पण शेजारच्या गल्लीत आकडे टाकले जात असतील, तर वेळेवर बिल भरणाऱ्या पेन्शनर काकांचाही पंखा बंद, हा त्या हुशारीचा दुसरा भाग. शिक्षा माणसाला नव्हती, वायरीला होती.

तरी वीज जाणं निदान कळायचं. वेळापत्रक पेपरात यायचं. न कळणारी गोष्ट होती ती वीज असतानाची. नियमाने (१९५६च्या भारतीय विद्युत नियमांत हे लिहिलेलं होतं) घरगुती दाब ठरलेल्या आकड्याच्या सहा टक्के इकडे-तिकडे चालायचा. २३० व्होल्ट धरले तर साधारण २१६ ते २४४. आमच्या घरी मल्टिमीटर होता. भारनियमन संपून अख्ख्या वस्तीचे पंखे, फ्रिज आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की मी सॉकेटमध्ये १७५ पाहिलेत, आणि पहाटे तीनला २५५.

अशा विजेवर कॉम्प्युटर चालायचे, आणि गंमत म्हणजे चालायचे. ट्यूब रुसायची, फ्रिज कण्हायचा, पण कॉम्प्युटर सुरूच. याचं श्रेय कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याला, ज्याला सगळे 'एसएमपीएस' म्हणत. भिंतीतली वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. दाब कमी मिळाला तर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो. २३०च्या जागी १७० आले तर सुमारे पस्तीस टक्के जास्त. बाहेरून काहीच दिसत नाही. आत त्याचे भाग तापत असतात.

याच डब्यामुळे झिणझिण्याही यायच्या. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात लागला की बोटांत मुंग्या, आणि घरोघरी एकच सल्ला, "चप्पल घालून बस रे." एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून एकेक छोटा कपॅसिटर बॉडीला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यातली बारीकशी गळती जमिनीत जाते. नसेल तर बॉडी निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास, लोंबकळत राहते. करंट अगदी किरकोळ, म्हणून माणूस मरत नाही. टेस्टर मात्र लागतो. भिंतीवर तीन भोकांचे सॉकेट होते, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही, अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत.

आता या सगळ्यात ओव्हरक्लॉकिंगचं खूळ कुठून आलं? गरिबीतून, असं मी सरळ म्हणेन. १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याच्या बसचा वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ३००चा ४५० व्हायचा, आणि कित्येक पटींनी महाग पेंटियम टूच्या पंगतीला जाऊन बसायचा. २०००च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉनवर पेन्सिलची शाई, म्हणजे ग्राफाइट, घासून चार बारीक तुटक रेघा जोडल्या की वेगाचं कुलूप उघडायचं. दहा रुपयांच्या पेन्सिलीने हजारोंचा प्रोसेसर 'वरच्या वर्गात' ढकलायचा, हे आपल्याकडे न रुजतं तरच नवल. नाशिकची पोरं सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जायची, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. संध्याकाळच्या पंचवटीने मांडीवर मदरबोर्डचा खोका घेऊन परत.

पण फुकट काही नव्हतं. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि दाबाच्या वर्गाच्या पटीत. २००३चा पेंटियम फोर २.४सी घ्या. कागदावर ६६ वॉट. तो ३ गिगाहर्ट्झवर न्यायचा म्हणजे वेग सव्वापट. त्यासाठी दाब दीडवरून १.६५ व्होल्ट केला तर दीडपट वीज, म्हणजे जवळजवळ १०० वॉट. नखाएवढ्या चिपमध्ये साठ अँपिअर. घरच्या मिक्सरला दोन-तीन पुरतात.

हा जुन्या डबड्यांचा विषय आहे असं वाटत असेल तर हातातल्या फोनकडे बघा. त्याचा प्रोसेसर दर क्षणी स्वतःचा वेग आणि दाब वर-खाली करत असतो. बॅटरी म्हातारी झाली की एकदम मोठा करंट देताना तिचा दाब कोसळतो आणि तीस टक्के चार्ज दाखवणारा फोन फटकन बंद होतो. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की असं होऊ नये म्हणून जुने आयफोन मुद्दाम हळू केले जात होते. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले. कारण निघालं, चिपच स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त दाब मागत होती. कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आम्ही हाताने करायचो ते आता कारखान्यातून होऊन येतं, एवढाच फरक.

आपल्या गोष्टीतला खरा खलनायक मात्र चिप नव्हती. तो होता साडेचारशे रुपयांचा, कॅबिनेटसोबत 'फ्री' येणारा एसएमपीएस. लेबलवर ४५० वॉट. आत तेवढं काही नसायचं. दुकानदार स्वतः हातात तोलून दाखवायचे: जड तो बरा, हलका तो भंगार. हसू नका, ही चाचणी वाईट नव्हती. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम वाचवल्याशिवाय डबा हलका होत नाही.

त्यात एक ऐतिहासिक घोळ होता. पेंटियम थ्रीपर्यंत प्रोसेसर आपली वीज मुख्यतः ५ व्होल्टच्या वायरीतून घ्यायचा. २०००च्या शेवटी पेंटियम फोर आला आणि १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी जोडणी घेऊन आला. मोठ्या कंपन्यांनी डबे बदलले. स्वस्तवाल्यांनी बहुधा चार पिनांचा कनेक्टर जोडला आणि आतलं जुनंच ठेवलं: ५ व्होल्टवर पहिलवान, १२ व्होल्टवर मरतुकडा. वर या डब्यांत ५ आणि १२ दोन्हींचं नियंत्रण एकत्र असतं. १२वर ताण आला की ते खाली बसतं आणि ५ वर चढतं, तराजूसारखं. तेव्हा स्क्रीनवर ५.२ आणि ११.५ अशी जोडी दिसली की जाणकार लगेच डब्याकडे बोट दाखवायचे.

स्क्रीनवर दिसली तर. कारण तो आकडाही सरळ नव्हता. मदरबोर्डवरची एक साधी चिप हा दाब मोजते. बारा व्होल्ट तिला पेलत नाहीत, म्हणून दोन रेझिस्टरांनी विभागून तिला थोडासाच दाखवतात आणि सॉफ्टवेअर परत गुणून सांगतं. त्यामुळे तो वाचन सहा-सहा शतांशाच्या पायऱ्यांनी उड्या मारायचा आणि रेझिस्टर जरा इकडे-तिकडे असले की सगळंच सरकलेलं. प्रोसेसरचा दाब तर भार आल्यावर थोडा खाली यावा अशी इंटेलचीच रचना. पोरं ते पाहून घाबरायची आणि आणखी दाब वाढवायची.

माझ्या एका वर्गमित्राच्या घरी हे सगळं एकत्र आलं. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून पेंटियम फोर घेतला होता. दिवसा आई त्याच्यावर लग्नपत्रिका आणि कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट टाइप करायची, हप्ता त्यातूनच जायचा. रात्री हा तोच कॉम्प्युटर ३ गिगाहर्ट्झवर पळवायचा. मार्च-एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, संध्याकाळी मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. जतन न केलेली पत्रिका गेली, गिऱ्हाईक दारात उभं. सगळा दोष अर्थातच मुलाच्या उद्योगाला. वडिलांनी मशीन विकायचं ठरवलं होतं.

त्याने सगळं मूळ वेगावर आणलं. तरी तेच. स्क्रीनवर १२ व्होल्टपुढे ११.९२. मी मल्टिमीटर घेऊन गेलो, हार्ड डिस्कच्या सुट्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत टोकं घातली. सकाळी अकराला ११.७. ठीक, कारण पाच टक्क्यांची सूट आहे आणि खालची हद्द ११.४. संध्याकाळी साडेसातला भिंतीत १७८ आणि पिवळ्या वायरीत ११.१. काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे याने बिघडवलं नाही ना?" वेगाने तो डबा लवकर थकला असेल, हे मी नाकारणार नाही. पण ज्या डब्याला मूळ वेगही झेपत नव्हता, तो ४५० वॉटचा म्हणून विकला गेला होता.

उघडून पाहिला तेव्हा आत दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते. त्या वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभर फुटत होते, त्यातलेच की उष्णतेने मेले, सांगता येत नाही. नवा, वजनदार एसएमपीएस सत्तावीसशेला आला. दोन पत्रिकांच्या ऑर्डरी त्यात गेल्या. सोबत वायरमनने मागच्या अंगणात खड्डा करून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घालून अर्थिंग दिलं. मशीन नंतर २०११पर्यंत चाललं, २.४वरच. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडू नये म्हणून रोज बादलीभर पाणी ओतायचं काम काकूंनी मुलाकडे दिलं होतं, आणि नळाला पाणी एक दिवसाआड असतानाही त्यात सूट नव्हती.